तळातला दाणा

काका नवीन माणसाशी हस्तांदोलन करत नसत. त्याचा हात हातात घेत, पालथा असला तर उताणा करत, खिशातून काढलेला गव्हाचा एक दाणा त्यावर ठेवत आणि विचारत, "याला तुमच्याकडं काय म्हणतात?"

दुबईत, देरा भागातल्या ऑफिसात पहिल्या दिवशी मलाही हाच प्रश्न आला. मी पुण्याहून नुकताच आलेलो, गळ्यात टाय, हातात सर्टिफिकेटांची फाइल.

"गहू," मी म्हणालो.

"गहू पोत्यात असतो. हा एकटा आहे."

"दाणा."

"बरोबर. मराठी आहेस. बस."

माझी मुलाखत तिथे संपली. फाइल त्यांनी उघडलीच नाही.

आमचं काम धान्य तपासायचं. काळ्या समुद्राकडून गव्हाची जहाजं येतात. पिठाच्या गिरणीकडे जाण्याआधी आम्ही जहाजावर चढून नमुने काढतो आणि माल चांगला आहे की नाही ते लिहून देतो. काका नमुने काढणाऱ्यांचे प्रमुख होते, मी त्यांचा मदतनीस. सगळे त्यांना काकाच म्हणत. आमचा लेबनीज मॅनेजरही. फक्त तो आदराने 'मिस्टर काका' म्हणायचा आणि ते ऐकताना मला अकरा वर्षं रोज हसू दाबावं लागलं.

काका बार्शीचे. त्यांचे वडील तिथल्या भुसार बाजारात मापाडी होते. पोती मोजताना मापाडी 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. काका दुबईच्या बंदरावर नमुन्यांच्या पिशव्या तशाच मोजत. आमच्या मजुरांचा मुकादम, मुहैस्नाहच्या कॅम्पमध्ये राहणारा एक पठाण, पलीकडून त्यांना साथ द्यायचा, "बरकत, दो, तीन, चार." दोघांच्या हिशोबात एकाला जागा नव्हती, पण बेरीज कधी चुकली नाही.

त्यांच्या खिशात सतत दाणे असत. धोब्याकडे दिलेल्या पॅन्टच्या खिशात एकदा गव्हाला कोंब फुटलेले निघाले. धोबी ती पॅन्ट घेऊन ऑफिसात आला. "काका, आप की जेब में खेती हो रही है. मेरा मशीन खराब हो जाएगा." काकांनी कोंब हातात घेऊन उजेडात पाहिले आणि आनंदाने म्हणाले, "म्हणजे बियाणं चांगलं होतं की रं." पॅन्टकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलं तर म्हणत, "नमुना दोनदा दाखवला. दोन्ही वेळा नापास झाला." मग स्वतःच हसत. देरातल्या एका खोलीत चार जणांत राहत. त्यांच्या पलंगाखाली एक जाड पुस्तक आणि एक लांबट वही असे. पुस्तक म्हणजे शब्दांच्या कुळांचा कोश. एका बल्गेरियन कप्तानाने तो त्यांना जहाजावरून उतरताना देऊन टाकला होता. तो वाचता यावा म्हणून काकांनी रशियन अक्षरं शिकून घेतली. कुठे? देरात फरच्या कोटांची दुकानं आहेत, रशियन गिऱ्हाइकांसाठी त्यांच्यावर रशियन पाट्या असतात. संध्याकाळी फिरायला जाऊन काका त्या पाट्या वाचत बसायचे. वाळवंटात कोट विकणारी दुकानं आणि त्यांच्यासमोर उभा राहून अक्षरं जुळवणारा बार्शीचा माणूस. मला त्या वेळी त्याची थोडी लाज वाटायची, हे कबूल करतो.

वहीत फक्त एका शब्दाचं झाड होतं.

जहाजांवर रशियन, युक्रेनियन, बल्गेरियन, पोलिश, सर्बियन अशी माणसं असत. काका प्रत्येकाच्या तळहातावर दाणा ठेवून विचारत. रशियन म्हणायचा झिर्नो. बल्गेरियन म्हणायचा झर्नो. पोलिश माणूस जिभेचा लाड करून झ्यार्नो म्हणायचा. सर्बियन आणि झेक तर स्वर गिळूनच टाकत, झ्र्नो. "आवाज बघ," काका म्हणत, "जात्यात पडल्यासारखा." हे सगळे शब्द झाडाच्या फांद्यांवर, ज्याने उच्चारले त्याच्या जहाजाच्या नावासकट. बुंध्याशी एक शब्द होता आणि त्याच्यावर तारा काढलेला होता. 

"तारा कशाला?" मी एकदा विचारलं.

"कारण तो कुणी ऐकलेला नाही. या सगळ्यांचे पूर्वज एके काळी एकत्र राहत होते, तेव्हाचा शब्द. लिहून ठेवायला कुणी नव्हतं. पंडितांनी नातवंडांच्या चेहऱ्यांवरून आजोबाचं नाक काढलंय." मग नमुने काढायच्या नळीकडे बोट करून, "आपली नळी जशी एका मर्यादेपर्यंतच खाली जाते ना, तसं. त्याच्याखालचं अंदाजानं. म्हणून तारा."

त्या बुंध्याखालीही मुळं होती. एक मूळ लॅटिनकडे आणि तिथून इंग्रजीतल्या ग्रेनकडे जायचं. लिथुएनियात त्याच कुळातला शब्द वाटाण्याला म्हणतात, याची काकांना फार गंमत वाटे. "एका घरात गहू, शेजारच्या घरात वाटाणा! भावकी अशीच असते." आणि एक मूळ थेट आपल्याकडे, संस्कृतातल्या 'जीर्ण'कडे. दाणा म्हणजे जे पिकून पूर्ण म्हातारं झालंय ते, असं काही पंडित मानतात म्हणे. काका आपल्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवत म्हणत, "मी आता कापणीला आलोय."

वहीचा नियम कडक होता. शब्द पुस्तकातून उचलायचा नाही. हातावर दाणा असलेल्या माणसाच्या तोंडून तो आला पाहिजे. कोशात डझनभर भाषा होत्या. वहीत एक फांदी कायम रिकामी राहिली, काशुबियन. पोलंडच्या उत्तर किनाऱ्यावर थोडी माणसं ती भाषा बोलतात. पोलिश खलाशी आला की काका आशेने विचारत, "काशुब?" तो मान हलवून नाही म्हणे. काका म्हणत, "असू दे. कुणीतरी येईल."

युद्ध सुरू झालं त्या वर्षी एका जहाजावर रशियन इंजिनियर आणि युक्रेनियन बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, होते. कागदांवर सह्या करायला दोघे आमच्या ऑफिसात आले आणि सोफ्याच्या दोन टोकांना बसले. एकमेकांकडे पाहत नव्हते. मी मनात म्हटलं, काका, आज नको. पण काका उठले. त्यांनी एक दाणा याच्या हातावर ठेवला, एक त्याच्या.

"झिर्नो," रशियन म्हणाला.

"झेर्नो," युक्रेनियन म्हणाला, जरा मोठ्याने.

मग दोघांनीही, आपण काय करतोय हे लक्षात न येता, दाणा तोंडात टाकला आणि दाताखाली फोडला. कट्, कट्. दाण्यात ओल किती आहे ते धान्यवाल्यांच्या घरात असंच पाहतात. दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे पाहिलं. हसले वगैरे नाहीत. रशियनाने विचारलं, "बाप शेतकरी?" तो म्हणाला, "आजोबा." तेवढंच बोलणं झालं. काका ते मला मराठीत समजावून सांगायला विसरले नाहीत आणि दोघांना चहा सांगितला.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. ते टाळण्यासाठीच मी इतकं लिहिलं असणार.

त्याच वर्षीचा ऑगस्ट. जहाजाला पाच कप्पे होते. एकेक कप्पा म्हणजे चार मजली विहीर, गव्हाने भरलेली. नियम असा की गहू उपसला जातो तसतसं तीन वेळा खाली उतरायचं, वरच्या थराचा नमुना, मधल्या थराचा आणि शेवटी तळाचा. प्रत्येकाची वेगळी पिशवी, वेगळी चिठ्ठी. तिसरा कप्पा माझ्याकडे होता.

उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद असतं, म्हणून सकाळी सगळी घाई. लोखंडाच्या शिडीला हात लावला तर चटका बसायचा. खाली धूळ, नाकात भुसा. माझ्याकडे कुठलंही मोठं कारण नव्हतं. घरी कुणी आजारी नव्हतं, कुणी धमकी दिली नव्हती. मी थकलो होतो आणि अकरा वर्षांत वरचा गहू तोच खालचा, असं शेकडो वेळा पाहिलं होतं. पहिल्या दिवशी वरच्याच थरातून मी तिन्ही पिशव्या भरल्या. एकीवर 'वर' लिहिलं, एकीवर 'मध्य', एकीवर 'तळ'. पुढचे दोन दिवस मी त्या कप्प्यात उतरलोच नाही.

तिसऱ्या दिवशी काकांनी सगळ्या पिशव्यांवर लाख ओतून आपला शिक्का मारला आणि कागदावर सही केली. जहाज दुपारी निघून गेलं.

दहा दिवसांनी गिरणीतून फोन आला. त्यांच्या कोठीत गहू तापला होता, त्याला वास येत होता, ढेकळं निघत होती. तिसऱ्या कप्प्याच्या तळाशी समुद्राचं पाणी झिरपलं होतं. नशिबाने दळायच्या आधी कळलं आणि सगळा माल बाहेर काढला. पण आमच्याकडे राखून ठेवलेली 'तळ' लिहिलेली पिशवी उघडली, तर आत गहू मोत्यासारखा. म्हणजे कुणीतरी खोटं बोललं होतं.

मॅनेजरने आम्हा दोघांना बोलावलं. चिठ्ठीवर अक्षर माझं होतं. त्याने ती माझ्यासमोर धरली. माझ्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट आली. मुलगी दहावीत, ऊद मेथाच्या शाळेत. बायकोचा आणि तिचा व्हिसा माझ्या नोकरीला बांधलेला. मी तोंड उघडलं, पण आवाज फुटायच्या आत काका बोलले.

"मी सांगितलं तसं त्यानं लिहिलं. शिक्का माझा आहे."

"मिस्टर काका, तुम्ही?" मॅनेजरचा चेहरा मला अजून आठवतो. "तीस वर्षांत कधी..."

"शिक्का माझा. खलास."

मी उघडलेलं तोंड मिटलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये ते म्हणाले, "घरी जा. पोरीचा अभ्यास घे." बस्स. महिन्याभरात त्यांचा व्हिसा रद्द झाला. विमानतळावर मी सोडायला गेलो. त्यांनी पिशवीतून आपली नळी काढली. पोकळ, टोकदार, पितळेची, पोत्यात खुपसून दाणे काढायची. तीस वर्षं त्यांच्या हातातली. "तिकडं विमानात घेऊ देणार नाहीत," म्हणाले. "तू ठेव." पठाण मुकादम रडत होता. मी नाही रडलो. मला वाटलं, रडलो तर सगळं बाहेर येईल.

चार महिन्यांनी त्यांची जागा मला मिळाली. त्यांची खुर्ची, आणि माझ्या नावाचा शिक्का. मी इतका काटेकोर झालो की पोरं मला पाठीमागे हिटलर म्हणत. मुलगी दहावी झाली, बारावी झाली, कॅनडाला गेली. रोज शिक्का हातात घेताना मला वाटे, माझं सगळं घर या माणसाच्या एका वाक्यावर उभं आहे. त्यांना दिवाळीला फोन करायचो. "जहाजं येतायत ना? शब्द मिळतायत का?" एवढंच ते विचारायचे.

तीन वर्षांनी मी बार्शीला गेलो. काका तिथे बहिणीकडे राहतात. ओसरीवर बसून तांदूळ निवडत होते. मला पाहिल्यावर ताटातला एक दाणा उचलला, माझ्या हातावर ठेवला आणि भुवया उंचावल्या.

"काका, मला काही सांगायचंय."

"चहा घे आधी."

"तिसऱ्या कप्प्याची तळाची पिशवी..."

"वरच्याच थराची होती. मधलीही."

त्यांनी ताट बाजूला ठेवलं.

"पिशव्यांत हात घातला तेव्हाच कळलं. तळाच्या गव्हात भुकटी असते, तुटके दाणे असतात. तिन्ही पिशव्या जुळ्या बहिणींसारख्या. असं कधी होत नाही."

"मग शिक्का का मारलात?"

"त्या जहाजावर सेकंड ऑफिसर होता. पोलिश. सकाळी विचारलं, काशुब? तर हो म्हणाला. अरे, हो म्हणाला! एवढ्या वर्षांत पहिला. पण ड्यूटीवर होता, म्हणाला बारा वाजता वर ये. दुपारी जहाज सुटणार. मी पिशव्यांना लाख लावत बसलोय, तुझी पिशवी हाताला लागली, चूक आहे हे कळलं, घड्याळात पावणेबारा. तळात अजून थोडा गहू होता, पण तुला परत खाली पाठवायचं म्हणजे दोन तास." त्यांनी तळहात उघडा केला आणि मिटला. "शिक्का मारला आणि वर गेलो."

"शब्द मिळाला?"

"मिळाला."

बहिणीने चहा आणून ठेवला. मी म्हणालो, "तरी तुम्ही मला वाचवलंत, काका. माझ्या घराला."

"वाचवलं कसलं? अरे मर्दा, तीन वर्षं तू मला फुकटचा देव करून ठेवलास. शिक्क्याची चूक माझी, ती मी फेडली. तुझी तू सांगायची होतीस."

"सांगायलाच आलोय."

"इथं? मी काय तुझा मॅनेजर हाय?" आता आवाज चढला होता. बहीण आतून डोकावली. "गहू तपासायचा भरवसा त्यानं तुझ्यावर टाकला होता. दुखणं गुडघ्याचं आणि लेप कपाळाला. माझ्यासमोर रडायला एवढं तिकीट काढून आलास!"

मग शांत झाले. आतून वही आणली आणि झाडाचं पान उघडलं. काशुबियनची फांदी रिकामीच होती.

"लिहिला नाहीत?"

"कामातून चोरलेला शब्द आहे. या वहीत बसत नाही." वही मिटून त्यांनी ताट पुन्हा मांडीवर घेतलं. "जेवून जा. भाकरी आहे."

दुबईला परतल्यावर आधी बायकोला सांगितलं. तिने ओट्यावरचा गॅस बंद केला. "तेव्हाच सांगितलं असतंस तर मी बॅगा भरल्या असत्या," म्हणाली. "रडत भरल्या असत्या, पण भरल्या असत्या." मुलीला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, यू हॅव टु टेल देम." 

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. सगळं बोललो. पंधरा मिनिटं लागली, तीन वर्षं लागायला नको होती. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हबीबी," तो म्हणाला, "हे मी तुझ्या जागी असतो तर सांगितलं नसतं." मला वाटलं, सुटलो. मग त्याने हात पुढे केला. हस्तांदोलनासाठी नव्हता. त्याला शिक्का हवा होता.

नोकरी ठेवली, जागा काढून घेतली. पन्नाशीत मी पुन्हा नमुने काढणारा साधा माणूस झालो. ज्या पोरांना मी ओरडायचो त्यातलाच एक आता माझा साहेब आहे. तो मला लाजून 'सर' म्हणतो, मी त्याला 'सर' म्हणतो. गुडघे दुखतात. शिडी तितकीच तापते. पण खरं सांगतो, काकांची ती पितळी नळी हातात घेऊन कप्प्यात उतरताना ती माझी वाटायला लागली. पिशव्या मोजताना तोंडातून आपोआप 'लाभ' येतं आणि वरून पठाण ओरडतो, "बरकत!"

गेल्या महिन्यात एक जहाज आलं. थर्ड ऑफिसर पोलिश बाई होती, तिशीची, कानात छोट्या निळ्या रिंगा. तिसऱ्या दिवशी मी तळाचे नमुने काढून वर आलो, घामाने चिंब, केसांत भुसा. ती कठड्याशी उभी होती. मी विचारलं, "काशुब?"

तिने डोळे मोठे केले. "तुम्हाला कसं माहीत?"

मी पिशवीचं तोंड बांधलं, चिठ्ठी लावली, शिक्क्यासाठी साहेबाच्या हवाली केली. सगळं झाल्यावर खिशातला दाणा तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो बोटाने फिरवला, आजी म्हणायची तसं म्हणून दाखवते म्हणाली आणि ओठ गोल करून शब्द उच्चारला. मी तो तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतला.

जहाजावरूनच बार्शीला फोन लावला. 

"काका, मिळाला."

"काम?"

"आधी पुरं केलं."

"दाणा हातावर ठेवला होतास?"

"हो."

मागे बहिणीच्या भांड्यांचा आवाज. मग त्यांनी विचारलं, "कुठल्या थराचा?"

"तळाचा," मी म्हणालो. "स्वतः उतरून काढला."

पानं उलटल्याची सळसळ ऐकू आली. पेनाचं टोपण उघडलं.

"हां," काका म्हणाले. "सांग आता. लिहितो."